‘सर, जरा फुंका!’

वीकेण्डची पार्टी, परतीच्या वाटेवरची नाकाबंदी आणि तोंडासमोर आलेलं ते छोटंसं यंत्र... त्या घडीला कायदा पोलिसांच्या हातात काय देतो आणि तुमच्या हातात काय ठेवतो?

शुक्रवारची रात्र. पाऊण वाजून गेलेला. अप्रेझलचं एकदाचं उरकलं म्हणून आम्ही दोघं लोअर परळला बसलो होतो. मी तीन पिंट मारल्या, मित्रानं दोन. साहजिकच चावी त्याच्याकडे. ‘दोनच घेतल्यात यार, तीही जेवणासोबत. एकदम फिट आहे मी,’ असं तो म्हणाला आणि खरंच फिट दिसतही होता. सरळ चालत होता. वेटरनं बिलात लावलेली एक जास्तीची सोडा बाटलीसुद्धा त्यानंच पकडली.

पुलाखाली पिवळे बॅरिकेड्स, लाल-निळे दिवे आणि समोर मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या चार गाड्या. यू-टर्न मारावा हा विचार दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी आला, हे आम्ही नंतर एकमेकांकडे कबूल केलं. तेवढ्यात काचेवर टकटक. ‘सर, जरा फुंका.’

त्यानं फुंकलं. यंत्र क्षणभर थांबलं आणि आकडा आला : ४४.

पुढच्या वीस मिनिटांत करता येतील तेवढ्या चुका आम्ही केल्या. ‘साहेब, दोनच बिअर आहेत हो’ ही पहिली. ‘जरा बघून घ्या ना’ म्हणत पाकिटाकडे गेलेला हात ही दुसरी. न वाचता कागदावर मारलेली सही ही तिसरी. चौथी चूक दुसऱ्या दिवशी कोर्टात झाली आणि तीच सगळ्यात महागात पडली. तिच्याकडे येतोच.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण आज फौजदारी वकिली करते. सोमवारी तिला फोन केला, तर आधी तिनं मनसोक्त शिव्या घातल्या. मग तासभर समजावलं. त्यानंतर मी स्वतः मोटार वाहन कायदा उघडून बसलो. गाडी चालवायला लागून बारा वर्षं झाली आणि तो कायदा पहिल्यांदा वाचला, हे सांगायला लाज वाटते. पण तुम्ही तरी कुठे वाचलाय?

तीस म्हणजे नेमके किती पेग?

कलम १८५ सांगतं : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल आणि तुम्ही गाडी चालवत असाल किंवा चालवायचा प्रयत्न करत असाल, तर गुन्हा. विषय संपला. तुम्ही झिंगलेले दिसता का, जीभ अडखळते का, सरळ रेषेत चालता येतं का, यातलं काहीही विचारलेलं नाही. मित्राचा ‘मी फिट आहे’ हा बचाव म्हणूनच पहिल्या मिनिटाला निकालात निघाला. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे. आपली त्याच्या निम्म्याहूनही कमी. लंडनच्या ऑफिसात दोन वर्षं काढून आलेल्यांनी तिथला अंदाज इथं वापरू नये.

आता हिशेब. ६० मिलिलिटर व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते चाळिसेकपर्यंत जातं. म्हणजे एका लार्जमध्येच रेषा ओलांडली. पंचावन्न किलोच्या मुलीचा आकडा त्याच पेगवर साठीच्या पुढे जाऊ शकतो. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे जवळपास दोन लार्ज! ‘बिअरच आहे रे’ म्हणणाऱ्यांना हे खरंच माहीत नसतं. जेवण, वय, तब्येत यानं फरक पडतो, पण ढोबळ गणित हेच.

आणि उतरायला किती वेळ? शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या चालीनं हे काम उरकतं. कॉफीनं त्याचा वेग वाढत नाही, थंड पाण्याच्या आंघोळीनं नाही, लिंबू चोखूनही नाही. रात्री एकपर्यंत तीन लार्ज झाले असतील, तर सकाळी सातला ऑफिसची गाडी काढताना तुम्ही अजून तिसाच्या वरच असू शकता. झोप झाली, दात घासले, इस्त्रीचा शर्ट घातला... रक्ताला त्याचं काय?

फुंकायला कोण सांगू शकतं?

गणवेशातला पोलिस अधिकारी, किंवा परिवहन खात्यानं त्यासाठी नेमलेला अधिकारी. तुम्ही प्यायला आहात असा ‘वाजवी संशय’ त्याला असायला हवा, असं कलम २०३ म्हणतं. नाकाबंदीत मात्र सरसकट सगळ्यांना फुंकायला लावतात. हा मुद्दा वकिलानं कोर्टात मांडावा असा आहे, रात्री एक वाजता तुम्ही रस्त्यात मांडावा असा नाही. शिवाय ‘दोनच बिअर’ म्हटलं की तो संशय आयता तयार! पोलिसाला दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे खरं, पण पुढची दारं त्या वाक्यानं उघडतात. लायसन्स, कागदपत्रं मागितली तर द्या, नाव सांगा. किती प्यायलो, कुणासोबत, का, ही गोष्ट सांगत बसायचं बंधन तुमच्यावर नाही.

मग फुंकायलाच नकार दिला तर? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा सल्ला सगळ्यात घातक. संशयाला आधार असेल तर नकार दिल्यावर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. वर कलम २०५ आहेच : सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कोर्ट तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळकटी देणारा मानू शकतं. म्हणजे आकडा नाही, पण ‘हा का घाबरला?’ हा प्रश्न कायमचा चिकटला. दमा असेल, फुंकताच येत नसेल, तर ते कारण तिथंच सांगा आणि डॉक्टरी तपासणी मागा.

यंत्राबद्दल एक खरी गोष्ट. ते रक्त बघत नाही. श्वासातलं अल्कोहोल मोजतं आणि २१०० ला १ अशा गुणोत्तरानं रक्ताचा अंदाज बांधतं. त्यामुळे नुकताच घेतलेला घोट, अल्कोहोल असलेला माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब यांचा अंश तोंडात असेल तर आकडा फुगतो. पंधरा-वीस मिनिटांत तो विरतो. असं काही असेल तर शांतपणे सांगा आणि थोड्या वेळानं पुन्हा फुंकू द्यायची विनंती करा. अटक झालीच, तर ठाण्यात पुन्हा श्वासाचा नमुना द्यायची संधी मिळणं हा विनंतीचा नव्हे, हक्काचा भाग आहे. नळी नवी आहे ना, हे बघा. चिठ्ठी छापून येते, त्यावरची वेळ, आकडा, यंत्राचा क्रमांक आणि तुमचं नाव वाचा. मगच सही. फोटो काढू द्या अशी विनंती करा. यंत्र केंद्र सरकारनं मान्य केलेल्या प्रकारचं होतं का, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे वकिलाला त्या क्रमांकावरूनच विचारता येतं.

वेलची, च्युइंगगम, पान, कांदा... यानं हवालदाराच्या नाकाला फसवता येईल कदाचित. यंत्राला नाही.

आणि पाकिटाकडे जाणारा हात? २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आमच्या समोरच्या साहेबांनी ‘ठेवा ते आत’ एवढंच म्हटलं. नशीब. तोडपाणी करायला गेलो असतो आणि दहा हजारांच्या प्रकरणाचं काय झालं असतं, विचारही करवत नाही.

ठाण्यात नेलं तर

दरवेळी अटक होतेच असं नाही. आमच्या वेळी लायसन्स घेतलं, पावती दिली आणि कोर्टात हजर व्हायला सांगितलं. पण अटक झाली तर घड्याळ बघा. कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी. झाली नाही, तर कोठडीतून सोडावं लागतं. यातली गंमत नीट समजून घ्या. सोडावं लागतं याचा अर्थ केस संपली असा नाही. पण पोलिसांकडे नुसतं ‘वास येत होता’ एवढंच उरलं तर बाजू लंगडी पडते.

याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. बचूभाई हसनअली करयानी यांच्या खटल्यात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की तोंडाला वास, डळमळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणं एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं सिद्ध होत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली, वकील आजही हा निकाल काढतात.

बाकीचे हक्क कुठल्याही अटकेतले. कारण सांगायला हवं. घरच्यांना किंवा मित्राला कळवायला हवं. वकिलाशी बोलू द्यायला हवं. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव वाचता येईल अशी पट्टी हवी. डॉक्टरी अहवालाची प्रत तुम्हाला मिळायला हवी. नुसत्या १८५चा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन ही मेहरबानी नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या व्यक्तीला आणि कुठल्याही महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलिस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते. आणि रक्त घेणारा डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी महिला हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही.

गाडीचं काय? शुद्धीत असलेलं, लायसन्स असलेलं कुणी बोलवा आणि गाडी त्याच्या ताब्यात द्या असं म्हणा. तेलंगण उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तिथल्या पोलिसांना हेच सांगितलं होतं. आमची गाडी न्यायला मित्राचे बाबा आले. रात्री दीड वाजता, डोंबिवलीहून, टॅक्सीनं. गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत.

बाटलीतलं रक्त

श्वासाच्या चाचणीपेक्षा रक्ताची चाचणी भक्कम, असं आपण समजतो. प्रयोगशाळेपुरतं ते खरंही आहे. पण हात ते प्रयोगशाळा या प्रवासात काय काय होतं! महाराष्ट्रात यासाठी दारूबंदी कायद्याखालचे १९५९चे नियम आहेत आणि ते वाचायला मजेदार आहेत. त्वचा पुसायला स्पिरिट चालणार नाही, निर्जंतुक पाणीच हवं. किमान पाच सीसी रक्त हवं. बाटलीत ते गोठू नये आणि नासू नये म्हणून रसायनं हवीत. मग सील, लेबल. यातलं एक जरी चुकलं तर आकड्यावर प्रश्नचिन्ह.

सगळ्यांना आठवणारी केस सलमान खानची. २८ सप्टेंबर २००२च्या पहाटे वांद्र्यात फुटपाथवर झोपलेल्यांवर गाडी गेली. एक ठार, चार जखमी. रक्त घेतलं गेलं ते कित्येक तासांनी, जेजे रुग्णालयात. अहवाल आला ६२ मिलिग्रॅमचा. सत्र न्यायालयानं मे २०१५ मध्ये पाच वर्षं सुनावली. त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. रक्त किती घेतलं, कुठं ठेवलं, कुणाच्या हातून गेलं याची साखळी तुटली, हे त्यामागचं एक कारण. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. नाक्यावर या निकालाची चर्चा आजही ‘पैसा बोलता है’ एवढ्यावर संपते. मला मात्र निकालाबद्दल वाचताना वाटलं, की पाच सीसीची ती बाटली कुणी नियमानं सांभाळली असती, तर तो मुद्दा असा हवेत विरला नसता.

उलटं उदाहरण कार्टर रोडचं. १२ नोव्हेंबर २००६. फुटपाथवर झोपलेले सात मजूर ठार, आठ जखमी. अ‍ॅलिस्टर परेराच्या रक्तात अल्कोहोल ०.११२ टक्के, म्हणजे आपल्या मापात ११२. खालच्या कोर्टाची सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयानं तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. निव्वळ निष्काळजीपणा नव्हे, सदोष मनुष्यवध. इथं १८५चा दंड वगैरे गोष्टी मागेच पडतात.

आणि १९ मे २०२४, कल्याणीनगर, पुणे. पोर्शखाली मेलेले दोघं आपल्यासारखेच होते. आयटीतले, विशीतले, बाईकवरून घरी निघालेले. त्या प्रकरणात ससूनमध्ये मुलाच्या रक्ताच्या जागी दुसऱ्याचंच रक्त ठेवल्याचा आरोप आहे आणि दोन डॉक्टरांना अटक झाली. रक्ताच्या नमुन्याचे नियम आरोपीचं रक्षण करतात, तसंच मेलेल्याचंही करतात, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

‘गुन्हा कबूल?’ ‘हो.’

आता ती चौथी चूक. १८५ जागेवर पावती फाडून मिटत नाही. कोर्टातच जावं लागतं. मित्र गेला तेव्हा रांगेत त्याच्यासारखे बरेच होते. कुणाला फ्लाइट पकडायची होती, कुणाचं अकराचं प्रेझेंटेशन होतं. पुढच्यानं मागच्याला शिकवलं, ‘कबूल म्हणायचं, दंड भरायचा, सुटायचं.’ त्यानं कबूल म्हटलं. मिनिटभरात उरकलं.

काय उरकलं? २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दहा हजार त्यानं कार्ड स्वाइप करावं तसे भरले. पण ‘कबूल’ म्हणजे फौजदारी दोषसिद्धी, हे त्याच्या डोक्यात नव्हतं. कलम २० नुसार १८५ खाली दोषी ठरलेल्याचं लायसन्स किमान सहा महिने जातं, हेही नव्हतं. आणि पुढच्या वेळी तो ‘पहिल्यांदा पकडलेला’ राहणार नाही, हे तर मुळीच नव्हतं. आमच्या वकीलबाईचा सगळा संताप यावरच. कोर्टात तारीख मागता येते. कागदांच्या प्रती मागता येतात. वकिलाला दाखवून मग ठरवता येतं.

तिनं त्याची चिठ्ठी, पावती, सगळं बघितलं. यंत्राचा क्रमांक होता, वेळ बरोबर होती, आकडा स्वच्छ होता. लढण्यासारखं काही नव्हतं, असंच ती म्हणाली. ‘पण समजून कबूल करणं आणि रांगेतल्या माणसाचं ऐकून कबूल करणं यात फरक आहे ना रे?’

विम्याचंही तिनंच सांगितलं. दिल्लीत २००७ मध्ये इंडिया गेटजवळ एक पोर्श भिंतीवर आदळली. कंपनीनं गाडीचा क्लेम नाकारला. ना श्वासाची चाचणी झाली होती, ना रक्ताची. तरी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपनीची बाजू उचलून धरली. ड्रायव्हरच्या तोंडाला आलेला वास आणि अपघात झाला तो प्रकार, एवढं तिथं पुरलं. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा मिळेल. विम्यात तो मिळेलच असं नाही.

शेजारच्या सीटवरचा

सगळं ऐकून घेतल्यावर तिनं मला विचारलं, ‘आणि तू काय करत होतास?’ मी म्हटलं, बसलो होतो. ‘चावी कुणी दिली त्याला?’

कलम १८८. पिऊन गाडी चालवायला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो, त्याला तीच शिक्षा. नुसतं शेजारी बसणं म्हणजे मदत का, यावर वाद घालता येईल. पण व्हॅलेकडून चावी मी घेतली होती आणि ‘तू कमी घेतलीयेस, तूच चालव’ हे वाक्य माझंच होतं. नाकाबंदीत मला कुणी काही विचारलं नाही. मी खाली उतरून सिगारेट ओढत होतो.

मित्रानं सहा महिने लोकल आणि रिक्षानं काढले. लायसन्स परत आलं. गेल्या आठवड्यात त्याला नव्या कंपनीची ऑफर आली, पगार चांगला, पोस्टिंग सिंगापूर. सोबत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म. अकरावा प्रश्न : कुठल्याही न्यायालयानं तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे का? रात्री अकराला त्याचा फोन आला. ‘काय लिहू रे?’ मी म्हटलं, ‘हो’ लिही, खाली तारीख टाक, कलम टाक, दंड भरल्याची पावती जोड. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पावती बाबांच्या कपाटात आहे. मागावी लागेल.’

फॉर्म परवा गेला. एचआरकडून अजून उत्तर नाही.